आकड्यामागचं सूत्र : प्रस्तावना

कम्प्युटेड कॉलमशी बहुतेकांची पहिली ओळख होते ती काम अडल्यावर. जुन्या सर्व्हरवरचा डेटा नव्यावर न्यायचा असतो, नाहीतर हिशेबनिसांनी पाठवलेली एक्सेलची फाइल टेबलात भरायची असते. सगळे कॉलम नीट जुळवलेले असतात, तरी इन्सर्ट पुढे सरकत नाही. एसक्यूएल सर्व्हर एरर २७१ देतो, मायएसक्यूएल ३१०५, ओरॅकल ओआरए-५४०१३, पोस्टग्रेस ४२८सी९. शब्द वेगळे, सांगणं एकच : या कॉलमात बाहेरून काही लिहायचं नाही, इथला आकडा डेटाबेस स्वतः काढतो.

घाईतला माणूस मग तो कॉलम यादीतून गाळतो, इन्सर्ट पुन्हा चालवतो आणि चहाला जातो. त्यात गैर काही नाही. पण तो आकडा नेमका कोणत्या नियमाने निघतो, तो नियम उद्या कुणी बदलला तर जुन्या नोंदींचं काय होईल, हे प्रश्न तसेच पडून राहतात. ही पुस्तिका त्या प्रश्नांसाठी आहे. कम्प्युटेड कॉलम तयार कसा करावा हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडतं. दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेला, कागदावर कुठेही नोंद नसलेला कॉलम वाचायचा कसा, हे सहसा कुणी शिकवत नाही; आणि नोकरीत पदरी पडतं ते हेच काम.

व्याख्या दोन वाक्यांत उरकते. त्याच ओळीतल्या इतर कॉलमांवरून, एका ठरलेल्या सूत्राने ज्याची किंमत निघते तो कम्प्युटेड कॉलम. एसक्यूएल सर्व्हरवाले त्याला कम्प्युटेड म्हणतात, ओरॅकलवाले व्हर्च्युअल, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलवाले जनरेटेड. ती किंमत एक तर डिस्कवर साठवलेली असते, नाहीतर वाचताना दर वेळी नव्याने काढली जाते. खरी गंमत याच्या पुढे आहे.

पुस्तिकेत सगळीकडे एकच स्कीमा वापरला आहे, दूध संकलन केंद्राचा. कारण सांगतो. जिथे अजून लॅक्टोमीटर आहे तिथे शेतकऱ्याच्या दुधाच्या तीन गोष्टी नोंदल्या जातात : लिटर, फॅट आणि डिग्री. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरचं वाचन, तापमानाचा फरक धरून दुरुस्त केलेलं. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, लॅक्टोमीटरवर वाचता येत नाहीत. ते सूत्राने काढावे लागतात. रिचमंड यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे सूत्र साधं आहे : डिग्रीचा चौथा भाग, त्यात फॅटची ०.२ पट, आणि वर एक स्थिरांक. मात्र हा स्थिरांक सगळीकडे एक नाही. कुठे ०.१४ धरतात, कुठे ०.३६, काही ठिकाणी तर फॅटची पटच ०.२५ आणि स्थिरांक ०.४४ असतो.

आता आकडे घालून बघा. डिग्री ३०, फॅट ३.५. स्थिरांक ०.३६ असेल तर ७.५ अधिक ०.७ अधिक ०.३६, म्हणजे ८.५६. स्थिरांक ०.१४ असेल तर ८.३४. गाईच्या दुधाचा दर महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या पायावर बोलला जातो, आणि त्याखाली एसएनएफ गेलं की दर कापला जातो. गाय तीच, दूध तेच. एका सूत्राने ते पायाच्या वर बसलं आणि दुसऱ्याने खाली. शेतकऱ्याच्या पावतीवर फॅट छापलं जातं, एसएनएफ छापलं जातं, दर छापला जातो. स्थिरांक छापला जात नाही. तो एसएनएफ नावाच्या कॉलमच्या पोटात, स्कीमात असतो.

म्हणून कम्प्युटेड कॉलमची तपासणी हे नुसतं तांत्रिक सोपस्काराचं काम आहे असं मला वाटत नाही. साध्या कॉलमात नोंद असते. कम्प्युटेड कॉलमात नियम असतो, आणि तो नोंदीच्या वेषात फिरतो. रिपोर्ट काढणाऱ्याला, ऑडिटरला, संचालक मंडळाला तो इतर आकड्यांसारखाच एक आकडा दिसतो. वेष उतरवून बघायचा तर विचारायचं कुणाला? ज्याने स्कीमा लिहिला तो दोन नोकऱ्या पुढे गेलेला असतो. भिंतीवरची आकृती पहिल्या आवृत्तीची असते. प्रोजेक्टच्या वर्ड फाइलमध्ये सूत्र असलंच तर ते ठरलेलं असतं. चालू असलेलं तेच आहे याची हमी कोण देणार?

हमी देऊ शकतो तो खुद्द डेटाबेस, आणि ही सोय अपघाताने झालेली नाही. रिलेशनल मॉडेल मांडणारे एडगर कॉड आयबीएममध्ये होते. त्यांचा मूळ निबंध १९७० चा. पुढे १९८५ साली, ज्याची त्याची कंपनी आपल्या मालावर 'रिलेशनल' अशी चिठ्ठी डकवू लागली तेव्हा, त्यांनी 'कम्प्युटरवर्ल्ड' या नियतकालिकात खऱ्या रिलेशनल डेटाबेसच्या बारा कसोट्या दिल्या. त्यातली चौथी अशी की डेटाबेसचं स्वतःचं वर्णनही टेबलांतच असलं पाहिजे, आणि ज्या भाषेत आपण डेटा विचारतो त्याच भाषेत ते विचारता आलं पाहिजे. आज ज्याला आपण सिस्टिम कॅटलॉग म्हणतो तो हाच. स्कीमा समजून घ्यायला वेगळं हत्यार लागत नाही, सिलेक्ट पुरतो. बारा कसोट्यांपैकी कॅटलॉगची ही एक नसती तर या पुस्तिकेला विषयच उरला नसता.

हे झालं तत्त्व. व्यवहारात प्रत्येक डेटाबेसने आपला कॅटलॉग आपल्या मर्जीने मांडला आहे. एसक्यूएलच्या २००३ सालच्या प्रमाणाने जनरेटेड कॉलमना मान्यता दिली आणि इन्फर्मेशन स्कीमाच्या कॉलम्स या व्ह्यूत 'इज जनरेटेड' आणि 'जनरेशन एक्स्प्रेशन' अशी दोन घरं राखून ठेवली. सगळ्यांनी ती पाळली असती तर एकाच क्वेरीवर भागलं असतं. पोस्टग्रेस पाळतो. मायएसक्यूएल सूत्राचं घर ठेवतो, पण कॉलम जनरेटेड आहे की नाही हे 'एक्स्ट्रा' नावाच्या कॉलमात मजकूर म्हणून लिहितो. एसक्यूएल सर्व्हरच्या इन्फर्मेशन स्कीमात हा विषयच नाही. तिथे साधा कॉलम आणि कम्प्युटेड कॉलम शेजारी शेजारी, ओळखू न येता उभे असतात. ओरॅकलमध्ये तर इन्फर्मेशन स्कीमाच नाही.

मायएसक्यूएलचा तो 'एक्स्ट्रा' कॉलम जरा जवळून बघण्यासारखा आहे, कारण तिथे हमखास पाय घसरतो. जनरेटेड कॉलम असेल तर त्यात 'व्हर्च्युअल जनरेटेड' किंवा 'स्टोअर्ड जनरेटेड' असं लिहिलेलं असतं. साहजिकच माणूस लाइक लावून 'जनरेटेड' हा शब्द शोधतो. आवृत्ती ८ मध्ये ही क्वेरी चालवली की यादीत भलतेच कॉलम येतात : नोंद कधी झाली ते दाखवणारा 'क्रिएटेड अ‍ॅट', बदल कधी झाला तो 'अपडेटेड अ‍ॅट'. कारण ज्या कॉलमची डीफॉल्ट किंमत सूत्राने ठरते, उदाहरणार्थ चालू वेळ, त्याच्यापुढे मायएसक्यूएल 'डीफॉल्ट_जनरेटेड' असं लिहितो. तो कम्प्युटेड कॉलम नव्हे. त्यात तुम्ही खुशाल लिहू शकता. डीफॉल्ट म्हणजे तुम्ही काही दिलं नाही तरच भरायची किंमत. शब्द शोधण्यापेक्षा सूत्राचं घर रिकामं आहे का ते बघणं सुरक्षित.

डीफॉल्ट आणि सूत्र यांची ही सरमिसळ पोस्टग्रेसच्या पोटातही आहे, फक्त ती नीट बांधलेली आहे. तिथे दोघांचीही सूत्रं 'पीजी_अ‍ॅट्रडेफ' या एकाच टेबलात राहतात. कुठलं काय हे 'पीजी_अ‍ॅट्रिब्यूट'मधल्या 'अ‍ॅटजनरेटेड' या एका अक्षरावरून कळतं : 'एस' म्हणजे साठवलेला, 'व्ही' म्हणजे व्हर्च्युअल, रिकामं म्हणजे साधा कॉलम. साठवलेले जनरेटेड कॉलम पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १२ मध्ये, २०१९ साली आले. व्हर्च्युअल यायला आवृत्ती १८ आणि २०२५ साल उजाडलं. याच आवृत्तीत काही न लिहिता केलेला जनरेटेड कॉलम व्हर्च्युअल धरला जाऊ लागला, म्हणजे जुन्या डेटाबेसात आता दोन्ही प्रकार एकत्र नांदताना दिसतील.

ओरॅकलने व्हर्च्युअल कॉलम २००७ साली, ११जी आवृत्तीत आणले. तिथे सूत्र सापडतं डीफॉल्टच्या घरात, 'डेटा_डीफॉल्ट' या कॉलमात, आणि त्या कॉलमचा प्रकार 'लाँग' असल्याने त्यावर लाइक चालत नाही. बघता येतं पण शोधता येत नाही, अशी ही तऱ्हा. शिवाय 'यूजर_टॅब_कॉल्स' उघडलं की कुणीच न केलेले, 'सिस_एनसी'ने सुरू होणारे कॉलम यादीत दिसतात. भुताटकी नाही, सूत्रावर इंडेक्स केला की ओरॅकल स्वतःच एक छुपा व्हर्च्युअल कॉलम बनवतो. म्हणजे तपासणीत हे कॉलमही आले, कारण कुणीतरी कधीतरी कुठल्या तरी सूत्रावर शोध वेगवान करू पाहत होता याचा तो पुरावा आहे.

एसक्यूएलाइट मोबाइल अ‍ॅपमधून घराघरांत पोचलेला, म्हणून त्याचंही सांगायला हवं. तिथे टेबलाची रचना बघायला सगळे 'टेबल_इन्फो' हा प्रॅग्मा वापरतात. आवृत्ती ३.३१ पासून जनरेटेड कॉलम आले, पण हा प्रॅग्मा ते दाखवतच नाही. सिलेक्ट केलं की कॉलम आहे, रचना विचारली की नाही. 'टेबल_एक्सइन्फो' वापरला की दिसतो, आणि 'हिडन'पुढे २ असेल तर व्हर्च्युअल, ३ असेल तर साठवलेला. सूत्र तिथेही मिळत नाही. त्यासाठी टेबल तयार करतानाचा मूळ मजकूर वाचावा लागतो.

एसक्यूएल सर्व्हर या बाबतीत सर्वांत मोकळा. 'सिस.कम्प्युटेड_कॉलम्स' नावाचा स्वतंत्र व्ह्यू आहे. त्यात 'डेफिनिशन' आहे आणि किंमत साठवलेली की नाही हे सांगणारा 'इज_पर्सिस्टेड' आहे. मात्र डेफिनिशनमध्ये तुम्ही लिहिलेला मजकूर जसाच्या तसा नसतो, सर्व्हरने समजून घेऊन परत लिहिलेला असतो. कॉलमांच्या नावांना चौकटी कंस येतात, साध्या ०.३६ भोवतीही कंस येतो, कास्टचा कन्व्हर्ट होतो. मूळ स्क्रिप्टमधली ओळ कॉपी करून इथे शोधली तर ती सापडणार नाही आणि 'असा कॉलम नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघेल. आकडा शोधा, अख्खी ओळ शोधू नका.

पण परत लिहिलेला हा मजकूर अडचण आहे तितकाच उपकारक आहे, आणि पुस्तिकेतलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण त्यावरच आहे. एसएनएफचं सूत्र पुन्हा घेऊ. समजा डिग्री हा कॉलम पूर्णांकाचा आहे, कारण केंद्रावर अर्धी डिग्री कुणी लिहीत नाही. सूत्रात लिहिलं आहे : डिग्री भागिले ४. मायएसक्यूएल आणि ओरॅकल ३० ला ४ ने भागून ७.५ देतात. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूएलाइट मात्र पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक टाकून देतात, आणि उत्तर येतं ७. एसएनएफ ८.५६ न येता ८.०६ येतं. डिग्री २८ असेल तर उत्तर बिनचूक. ३२ असेल तरी बिनचूक. चाचणीला कुणी २८ घेतली असेल तर शंका यायचंही कारण नाही. मधल्या सगळ्या डिग्र्यांना मात्र शेतकऱ्याचं पाव ते पाऊण पॉइंट एसएनएफ रोज गायब होतं, आणि सूत्र वाचणारा म्हणतो, सूत्र तर बरोबर आहे.

पोस्टग्रेसचा कॅटलॉग इथे चूक बोट ठेवून दाखवतो. तो सूत्र परत लिहिताना कुठे कोणता प्रकार बदलला तेही लिहितो, आणि त्यात स्पष्ट दिसतं की आधी डिग्रीला ४ ने भागलं आणि मग त्या उत्तराला दशांशी केलं. दशांशी करणारा तो छोटा तुकडा भागाकाराच्या कंसाबाहेर आहे, आत नाही. एवढंच बघायला शिकायचं. दुरुस्ती एका अक्षराची असते, ४ च्या जागी ४.०, पण ती करण्याआधी किती बिलं निघून गेली हा प्रश्न दुरुस्तीपेक्षा मोठा.

त्याहून अवघड प्रसंग म्हणजे सूत्राच्या जागी फक्त एका फंक्शनचं नाव दिसणं. नियम मग आणखी एक घर आत सरकलेला असतो. मायएसक्यूएल आपल्या जनरेटेड कॉलमात स्वतः लिहिलेली फंक्शनं चालूच देत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न येत नाही. पोस्टग्रेस म्हणतो, फंक्शन 'इम्म्युटेबल' असल्याचं सांगा; ओरॅकल म्हणतो, 'डिटरमिनिस्टिक' असल्याचं सांगा. तुम्ही सांगितलं की दोघेही विश्वास ठेवतात, पडताळत नाहीत. उद्या पोस्टग्रेसमध्ये कुणी त्या फंक्शनच्या आतला स्थिरांक बदलला तर साठवलेल्या जुन्या किंमती तशाच राहतात आणि नव्या ओळी नव्या नियमाने भरतात. एका टेबलात, एका कॉलमात, दोन सूत्रांची उत्तरं. आणि कॅटलॉग दाखवतो फक्त फंक्शनचं नाव. एसक्यूएल सर्व्हर अशा फंक्शनला हात लावू देत नाही, आधी कॉलम काढा म्हणतो. कटकट वाटते, पण मी त्याच्या बाजूचा आहे.

इथून आपण काळाच्या प्रश्नाशी येतो, आणि माझ्या मते कम्प्युटेड कॉलमचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. सूत्राला इतिहास नसतो. २२ सप्टेंबर २०२५ ला तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. समजा डेअरीच्या विक्रीच्या टेबलात कर हा कम्प्युटेड कॉलम आहे : रक्कम गुणिले ०.१२. त्या दिवशी सूत्र बदलून ०.०५ केलं की नवी बिलं बरोबर येतात. पण एप्रिलमधलं सहाशे रुपयांचं बिल, ज्यावर ७२ रुपये कर वसूल करून सरकारात भरला गेला, ते आता ३० रुपये दाखवतं. कॉलम साठवलेला असो की व्हर्च्युअल, फरक पडत नाही. सूत्र बदललं की भूतकाळही बदलला. रिटर्न आणि डेटाबेस यांचा मेळ बसेनासा होतो, आणि कारण शोधणाऱ्याला एकही अपडेट सापडत नाही, कारण अपडेट कुणी केलेलंच नसतं.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो, वाचकांनी त्याच्याशी भांडावं. लिटर गुणिले दर, नाव आणि आडनाव जोडणं, हेक्टरवरून आर काढणं, अशा न बदलणाऱ्या गणितासाठी कम्प्युटेड कॉलम उत्तम. करांचे दर, कपातीचे पॉइंट, एसएनएफचा स्थिरांक, संचालकांच्या बैठकीत किंवा सरकारी राजपत्रात जे बदलू शकतं असं काहीही सूत्रात आकडा म्हणून घालू नये. त्याला तारखेसकट वेगळं टेबल हवं, आणि बिल झालं त्या दिवशीचा दर बिलाच्या ओळीत कायमचा लिहिलेला हवा. तपासणी करताना सूत्रात उघडा आकडा दिसला की थांबायचं आणि विचारायचं : हा आकडा कुणी ठरवला, आणि तो बदलायचा अधिकार कुणाला आहे?

कोणता कॉलम कुणावर अवलंबून आहे यावरचं प्रकरण लहान आहे, कारण तिथे डेटाबेस स्वतःच बरीच राखण करतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फॅटचा कॉलम काढायला गेलात तर एसएनएफ त्यावर उभं आहे असं सांगून तो ५०७४ क्रमांकाने अडवतो. पोस्टग्रेसमध्ये 'कॉलम_कॉलम_युसेज' नावाचा व्ह्यू नेमकी हीच जोडी दाखवतो. जपायचं ते एवढंच की वैतागून शेवटी कॅस्केड लावू नये. फॅटबरोबर एसएनएफही जातं, आणि सूत्र कुठे टिपून ठेवलेलं नसेल तर ते बॅकअपमधून शोधावं लागतं.

राहता राहिली परवानगी. प्रकरणांचा क्रम मुद्दाम तिच्यापासून सुरू केला आहे, कारण तिच्याविना पुढचं सगळं फसवं ठरतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तुम्हाला टेबल नुसतं वाचायचा अधिकार असेल तर 'सिस.कम्प्युटेड_कॉलम्स'मध्ये कॉलम दिसतो, 'इज_पर्सिस्टेड' दिसतं, पण डेफिनिशन येतं नल. एरर नाही, इशारा नाही. पोस्टग्रेसच्या इन्फर्मेशन स्कीमात तर ज्या कॉलमवर तुमचा काहीच अधिकार नाही ती ओळच येत नाही, आणि आपण समजतो की यादी पूर्ण आहे. तेव्हा क्वेरी लिहायच्या आधी डीबीएकडे अर्ज करा. एसक्यूएल सर्व्हरसाठी 'व्ह्यू डेफिनिशन' एवढीच परवानगी पुरते. त्याने सूत्र दिसतं, डेटा बदलता येत नाही, त्यामुळे डीबीएलाही नाही म्हणायला कारण उरत नाही. अर्जात डेटाबेसचं आणि स्कीमाचं नाव लिहा, मुदत लिहा, आणि 'डीबी ओनर' मागू नका. अर्जाचा नमुना पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर आहे.